टेबलावरचा पालथा हात

आमच्या ओटीवरच्या टेबलाशी बसण्याआधी ती त्यावर तळहात पालथा ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "काका, हलतंय."

बाहेरून नुकताच डंपर गेलेला असायचा. आम्हांला चहा सांडल्याशिवाय टेबल हललेलं कळत नाही.

चर्चच्या रस्त्यानं मान खाली घालून चालणारी ती तुम्हीही पाहिली असेल. शेजारच्या वाडीतली, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. डीएनएचे धागे दुमडून त्यांच्या डब्या करायची. पुढेमागे त्यांतून औषध नेमकं आजारी पेशीपर्यंत न्यावं म्हणून. डब्या इतक्या बारीक की तिचा मायक्रोस्कोप त्या बघायचा नाही, सुईच्या टोकानं चाचपायचा. शेजारी कोणी पाय आपटला तरी चित्र बिघडायचं. मला केळीच्या पानाचा द्रोणही धड जमत नाही, म्हणून मी नुसती मान डोलवायचो.

एकदा डब्या दिसल्या. चौकोनी, रांगेनं. फोटो तिनं आईला दाखवला, आईनं फादरना, आणि रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर फादरनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तो फोटो वसईभर पाठवायचं काम अर्थातच मी केलं.

त्याच संध्याकाळी ती आली. टेबलावर हात ठेवून म्हणाली, "हलतंय."

रस्ता रिकामा होता. हलत होता तो तिचा हात.

एरवी पुस्तकी बोलणारी ती घाबरली की घरच्या बोलीवर यायची. "काका, पानी द्या." ते पिऊन म्हणाली, "नमुना मी नीट धुतलाच नाही बहुतेक. वाळला की त्यात मीठ राहतं. मिठाचे दाणेही चौकोनीच असतात."

"अगं, डब्याच असतील."

"उद्या सर तो फोटो प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवणार आहेत. आजोबांच्या मिठागरात वाढले मी, आणि मीठ ओळखता येऊ नये?"

सकाळी तिला एकटीला जाववेना, म्हणून मी सोबत गेलो. बंद दाराबाहेर श्वाससुद्धा जपून घेत बसलो, न जाणो माझ्यामुळे सुई हलायची.

ती बाहेर आली. "धुतलं. सगळे चौकोन गेले, काका. मीठच होतं." आणि सरांच्या खोलीकडे वळली. "थांबाल ना?"

दार लागलं. आतून आवाज येईना. ओरडणं ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं.

"नोकरी आहे," परतताना ती म्हणाली. "माझी चित्रं आता दुसरं कोणीतरी तपासणार."

"आणि फादरना कोण सांगणार?"

"तुम्ही. वसईभर कोणी पाठवलं?"

आता ती परदेशात असते. परवा फोनवर तिच्याकडून चित्र आलं. चौकोन, रांगेनं. खाली एकच ओळ: 'तीनदा धुतलंय.'

मी ते कोणालाही पाठवलेलं नाही. फोन टेबलावर ठेवला, शेजारी तळहात पालथा टेकवला.

हलत होतं. रस्ता रिकामाच होता.