सात तासांचा बॅकअप

दुपारी दोनला किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या एका घरून फोन आला. “भाऊ, इन्व्हर्टर वाजतोय. बॅटरी संपत आली हाय.”

लाइट अकराला गेली होती. म्हणजे तीनच तास झाले होते. मी त्या घराला सात तासांचा बॅकअप सांगितला होता.

बोईसरमध्ये इन्व्हर्टर बसवायचं काम मी वीस वर्षं करतोय. वादळाचा इशारा आला की सगळ्यांना त्याच आठवड्यात बॅटरी आठवते. त्या आठवड्यात मी पार पिचून गेलो होतो. तरी दांडीला स्वतः गेलो होतो. तिथले तात्या म्हणजे जुने तांडेल, बोट हाकण्यात जन्म गेलेला. आता फुप्फुसं निकामी. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनवर दिवसरात्र. म्हणून लोड, म्हणजे बॅटरीवर काय काय चालणार, ते मोजून त्यांच्या सुनेला बजावलं होतं, “वहिनी, मशीन आणि एक दिवा. बाकी काही नाही.”

वादळात पडलेल्या सुरूच्या झाडांमधून वाट काढत पोचलो. ओटीवर एक्स्टेंशन बोर्ड, त्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. तेवीस मोबाइल. माझं डोकंच फिरलं. एकेक पिन उपटत सुटलो.

“सांगून गेलो होतो ना, वहिनी?”

“शेजारणी येक येक करून आल्या, भाऊ. नाय कशी म्हणू? त्यांची माणसं बोटी घेऊन अजून बाहेर हायत. कुठल्या बंदराला लागली, ठाव नाय.”

आत तात्यांनी मास्क बाजूला केला. “मीच सांगितलं. रावू दे लावलेले.”

मी हिशेब मांडला. बॅटरी तासभर चालली असती, घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर दोन तास. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, रस्ता मोकळा झाला की निघतो. मी ओटीवर बसलो. खरं सांगतो, घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

शेजारची एक म्हातारी आपला मोबाइल उचलत म्हणाली, “बॅटरीच पायजे ना? बोटींना हायत की.”

आदल्या दिवशी परतलेल्या चार बोटी खाडीत होत्या. प्रत्येकीला दोन बॅटऱ्या.

“मावशी, त्या फक्त इंजिन स्टार्ट करायला असतात. तासन्‌तास चालवल्या तर कायमच्या बसतील.”

“बसल्या तर बसल्या. तुमी जोडा.”

तात्यांसाठी म्हटल्यावर बोटवाल्यांनी पुढे काही विचारलं नाही. बांबूला टांगून दोघादोघांनी आठही बॅटऱ्या आणल्या. मी जोड्या लावत गेलो. जोडी बदलेपर्यंत सिलिंडर. मोबाइलही मीच परत लावले, पाच-पाच करून. संध्याकाळी त्यातला एक वाजला. बाहेरच्या बोटी वसईकडे लागल्या होत्या, माणसं सुखरूप होती. लाइट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तेव्हा तात्या चहा मागत होते.

समुद्र शांत झाला, सगळे मासेमारीला गेले. त्या चार बोटी मात्र आठवडाभर किनाऱ्यावरच राहिल्या. आठही बॅटऱ्या बसल्या होत्या. मला मान वर करून बघवत नव्हतं. पण कोणी चकार शब्द काढला नाही.

आता बॅकअपचे तास काढताना मी शेजारीही धरतो. आधी वजा करतो, मग मिळवतो.