चौदा नंबरचा सिग्नल

रेल्वेच्या कचेरीत तिला सगळे कानवाल्या बाई म्हणत. अठरा वर्षं काम एकच: इंजिनातल्या रेकॉर्डरमधलं बोलणं ऐकायचं, वेगाच्या आणि ब्रेकच्या आकड्यांशी ताडून बघायचं आणि कुणाचं चुकलं ते लिहायचं. पण रेकॉर्डर उघडायचा तो फक्त अपघातानंतर, असा साहेबांचा खाक्या. बैल गेला नि झोपा केला!

ती मग अपघात नसतानाही ऐकू लागली. त्यात तिला आढळलं, की चौदा नंबरच्या सिग्नलपाशी नऊ ड्रायव्हरांनी एकाच जागी करकचून ब्रेक दाबलाय, आणि नऊही जणांच्या तोंडून शिवी निघालीय. वळणावरच्या झाडाने सिग्नल पार झाकून टाकला होता.

तिने अहवाल दिला.

"अपघात झालाय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग ऐकलंत कशाला?"

दुसरा अहवाल बागखात्याकडे गेला, तिसरा सिग्नलवाल्यांकडे, आणि तिन्ही फिरून तिच्याच टेबलावर आले. तिचं डोकं फिरायची वेळ आली.

घरी दीर फुरंगटून बसलेला. तोही ड्रायव्हरच.

"वहिनी, तुम्ही आमच्या शिव्या मोजता म्हणे! आम्ही माइकवर चिकटपट्ट्या लावल्यात."

"अहो भाऊजी, त्या शिव्यांवरूनच तर कळतंय मला! आता काय चाकांची खडखड ऐकत बसू?"

"ऐकून शेवटी नाव आमचंच येतं ना?"

अठरा वर्षांत तिच्या प्रत्येक अहवालाखाली कुणा ना कुणा ड्रायव्हरचंच नाव होतं.

चौथ्या अहवालात तिने एकही नाव घातलं नाही. आणि साहेबांच्या इतकी मागे लागली, की कटकट मिटावी म्हणून ते तिच्यासोबत दिराच्या इंजिनात चढले. माइकवरची पट्टी तिने स्वतः नखाने खरवडून काढली. गाडी वळणावर आली, झाडाआडून अचानक लाल दिवा समोर आला, दिराने ब्रेक दाबला, साहेबांचं कपाळ काचेवर आपटलं आणि त्यांच्या तोंडून जी शिवी निघाली, ती आधीच्या नऊ जणांनाही सुचली नव्हती.

"एवढं पुसून टाका, बाई," खाली उतरल्यावर साहेब कपाळ चोळत म्हणाले.

"पुसता येत नाही, साहेब. पण नाव नाही लिहिणार."

चौथ्या दिवशी झाड छाटलं गेलं. महिन्याभरात सहा इंजिनांतल्या पट्ट्या निघाल्या. बाकीच्यांच्या अजून आहेत. रोज एकेकाला गाठून ती तेच समजावते, की नाव नाही लिहिणार, आणि रोज घसा बसवून घरी येते.