मोटरचं कुंकू

चांभाराच्या टपरीवर भिजवलेल्या चामड्याचा वास आला की मी अजून मनानं आंजी गावातल्या आमच्या विहिरीवर जाऊन उभी राहते. आमच्या चामड्याच्या मोटेला अस्साच वास यायचा.

पन्नास-साठच्या मधलं एखादं वर्ष असेल. शेतात वीज आल्याचा माहितीपट काढायला शहरातून माणसं आली होती. वीज मात्र आली नव्हती. खांब उभे होते, त्यांवर तारा नव्हत्या. विहिरीवर नवीकोरी मोटर तेवढी मांडलेली. तिच्यामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे, बाबा बैल जुंपून मोट हाकत होते. ते पाणी पाटात खळखळत होतं आणि ते मोटरचंच वाटावं, असा बेत होता.

माहितीपटवाल्या साहेबांनी मायच्या हातात हळदीकुंकवाचं ताट दिलं. "बाई, मोटरची पूजा करा आणि हसा."

माय तडक बैलांकडे गेली. दोघांच्या कपाळाला तिनं ठसठशीत कुंकू लावलं.

"पानी हे देऊन राह्यले. कुंकू याइलेच लागन."

"बाई, सिनेमात बैल चालणार नाहीत!"

"मंग त्याइचं पानी काऊन चालते?" माय म्हणाली आणि बाबांकडे वळली. "अवो, सोडा बैलं."

बाबांनी खरंच बैल सोडले. बघता बघता पाट आटला. कॅमेरा तसाच घरघरत राहिला.

आपण सिनेमात दिसणार नाही म्हणून मी तेव्हा मायवर रुसले होते. आता टीव्हीवर कोणी हसत हसत बटण दाबताना दिसलं, की मी आधी खांबावर तार आहे का ते बघते.