आमच्या चंद्रीच्या दुधाची परीक्षा

आता हसायचं तर हसा, पण माझा चहा कोराच ठेवा! का, ते सांगतो.

आमचा बंटी, वय वर्षं पाच. त्याला उलट्या-जुलाबाचा व्हायरल झाला. चार दिवसांनी ताप गेला, उलट्या थांबल्या. पण दुधाचा पेला प्यायला की पोट फुगायचं आणि पोरगं संडासकडे पळायचं. वाळत चालला होता हो, जीव तुटायचा माझा! त्याच्या ताटातलं उरलेलं मीच संपवायचो. अन्न टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. मग मलाही दोन दिवस जुलाब झाले. पण बापाने असलं सांगायचं असतं का? 

द्वारका चौकाजवळच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दोन आठवडे दूध बंद."

"कुणाचं? आमच्या चंद्रीचं?" मी ताडकन उठलो. चंद्री म्हणजे आमची म्हैस. झेंडूच्या मळ्यात मी स्वतः चारा घालून वाढवलेली. "मॅडम, तिच्या दुधात पाण्याचा थेंब नाही!"

"दुधाचा दोष नाहीच. व्हायरसने आतडं आतून दुखावतं, मग काही दिवस दूध पचत नाही. होईल आपोआप बरं."

दोष नाही म्हणायचं आणि बंदही करायचं? हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी लिटरभर दूध बाटलीत घेऊन बंटीसकट दवाखान्यात हजर! बायको म्हणत होती, "अहो, ऐका जरा." ऐकतो कोण?

भरल्या दवाखान्यात बाटली तोंडाला लावली आणि रिकामी केली. "अर्धा तास इथेच बसतो. मला काही झालं तर बोला!"

नातवाला घेऊन आलेली एक आजी म्हणाली, "लय जिगर हाय बाबा!" मी मिशीवर ताव दिला.

वीस मिनिटांनी पोटात गुडगुड. मग संडासकडे जो पळालो! लहान मुलांचा दवाखाना तो. आत वीतभर भांडं, भिंतीवर हत्तीचं चित्र. बसलो कसाबसा.

दाराबाहेरून मॅडमनी विचारलं, "तुम्हालाही आधी जुलाब झाले होते का?"

"...हो. दोन दिवस."

सगळा दवाखाना ऐकत होता. वर बंटीने दार वाजवलं, "पप्पा, झाली का? हात धुवा हं!"

मॅडमनी बंटीच्या चिठ्ठीवरच खाली लिहिलं, 'वडिलांचंही दूध बंद.'

बंटीला गेल्या आठवड्यापासून दूध सुरू झालं, पचतंयही. माझं अजून बंदच, कारण मधे चोरून दोनदा बासुंदी चापली. पण दूध शुद्धच होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो!

फक्त रोज संध्याकाळी बंटी माझ्यासमोर पेला रिकामा करतो, ओठ पुसतो आणि म्हणतो, "पप्पा, अर्धा तास इथेच बसतो. बघा."