समुद्राच्या पत्त्यांचं वाण

आमच्या सासूबाईंनी एका संक्रांतीला माझा अख्खा समुद्र वाटून टाकला. आता माझी नात तसलेच पत्ते फोनवर खेळते, तरी तो दिवस आठवला की पोळपाटावर लाटणं जरा जोरातच आपटतं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मी ठाण्याला कचेरीत जायचे. दिवाळीत माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला, तो एक पत्त्यांचा खेळ घेऊन. राजा-राणी-गुलाम नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र, कुठे चेटकीण, कुठे आग ओकणारा ड्रॅगन, आणि खाली त्याची ताकद लिहिलेली. आपल्याकडच्या पत्त्यांतून आपली फौज उभी करायची आणि समोरच्याशी लढायचं. आणला होता माझ्या मुलासाठी. तो दोन दिवस खेळला आणि क्रिकेटला पळाला. अडकले मी.

चाळिशीला टेकलेली बाई, संध्याकाळी भाजी निवडून झाली की पलंगावर मांडी घालून बसायची. या बाजूने मी, त्या बाजूनेही मीच. हरले की मलाच वाईट वाटायचं आणि जिंकले की मलाच दया यायची. असं ध्यान होतं!

माझ्याकडे जंगल होतं, आग होती, पाणी मात्र नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आता नवीन संच निघालाय, पूर्ण समुद्राचा. तो मिसळल्याशिवाय तुझी फौज लंगडीच." त्याने एका मित्राबरोबर डबा पाठवला. आत चंदेरी पाकिटं, प्रत्येकात थोडे पत्ते. फोडल्याशिवाय कळणार नाही कोण निघतंय. मी डबा साड्यांच्या कप्प्यात ठेवला. घरातलं हळदीकुंकू होऊ दे, मग रविवारी निवांत फोडू. ढोकळ्याचं पीठ आंबायला ठेवावं तसा मी आनंद झाकून ठेवला होता!

हळदीकुंकवाच्या दिवशी मला कचेरीतून निघायला उशीर झाला. जिना चढतेय तर वरून बायका उतरतायत, गजरे माळलेल्या, आणि प्रत्येकीच्या हातात चंदेरी पाकीट.

"काय गं, यंदा वाण एकदम फॉरेनचं!" एक म्हणाली. "शांपू आहे का?"

मी हसले. संक्रांतीला तोंड गोडच ठेवायचं असतं ना.

घरात सासूबाई खूश होत्या. "तुझ्या कपाटात डबा दिसला. पोराचे पत्तेच ना ते? नाहीतरी तो ढुंकून बघत नाही. सगळ्यांना सारखं देता आलं. मीही सुटले, तूही सुटलीस."

"आई, पण..."

"पण काय?"

"नाही, बरं झालं."

बरं झालं म्हणे! जीभ होती, दात होते, महिन्याचा पगार होता, आणि बाई म्हणते बरं झालं. वर तिळाच्या लाडवांचं ताट उचलून उरलेल्या बायकांच्या पुढ्यात वाकतेय. आता भेटली असती तर तिच्या हातातलं ताट काढून घेतलं असतं मी.

रात्री जेवताना यांना सांगितलं. हे आमटी वाढून घेत म्हणाले, "अगं, पत्त्यांसाठी तोंड कशाला पाडतेस? आणि दिलेलं वाण परत मागतात का कुठे?" नाही मागत. वाण हातातून सुटलं की सुटलं. राग यांचाही आला होता, तरी मी यांना लिंबाची फोड दिली.

तळमजल्यावर एक मावशी राहायच्या. ठाण्याच्या खाडीकडच्या कोळ्यांच्या, मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, घरातूनच मासळी विकायच्या. दोन दिवसांनी त्यांच्याकडे कोलंबी घ्यायला गेले, तर देव्हाऱ्यात देवीच्या शेजारी माझा पत्ता! हिरव्या लाटांवर होडीत उभी असलेली समुद्राची राणी. कपाळाला हळदीकुंकू लावलेलं.

मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "ह्ये तुजं व्हतं काय गो?"

पोराचं नाही, घरातलं नाही. तुझं. माझ्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं.

"माझंच होतं मावशी. न विचारता वाटलं."

"मग घेऊन जा ना! रडतंस कशाला?"

शहाण्यासुरत्या बायकांनी इथे "राहू दे हो, देवाजवळ बसवलंय" म्हणायचं असतं. मी नाही म्हटलं. मावशींनी देवीला हात जोडून राणी काढून दिली, पाकिटातले बाकीचे पत्तेही दिले, आणि मी कोलंबी तिथेच विसरून वर धावले.

मग बाजारातून स्टीलच्या वाट्या आणल्या आणि दारोदार फिरले. "माझी वस्तू चुकून वाटली गेली. ही वाटी ठेवा, पाकीट द्या."

"अगं बाई, सवाष्णीचं वाण परत नेतेस?"

"हो."

"सासूबाईंना माहितेय का?"

"कळेलच."

कुणी दिलं, कुणाच्या पोरांनी पत्ते कातरून टाकले होते, एकीने वाटी ठेवून घेतली आणि पाकीट सापडत नाही म्हणाली. निम्मा समुद्र परत आला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासूबाई दारातच. "लाज आणलीस! लोक काय म्हणतील, सून वाण गोळा करत हिंडते?"

हे मध्ये पडले. "आई, तिने मुलासाठी केलं गं."

तिथे माझं डोकं फिरलं. "मुलासाठी नाही! माझे आहेत. मी खेळते. माझं कपाट, माझ्या भावाने मला पाठवलेलं. विचारायचं होतं मला!"

खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला, एवढ्या जोरात. सासूबाई म्हणाल्या, "या वयात पत्ते?"

"याच वयात."

त्यांनी माझ्याशी अबोला धरला, मीही धरला. यांनी दोन्ही बाजूंना पाणी नेऊन दिलं. आणि मी पलंगावर नाही, जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडले, ऐन जेवायच्या वेळेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्यांना जेवायचं होतं, त्यांनी खाली पाट घेतले.