शनिवारचा बाजार-तास पुन्हा सुरू करणेबाबत

अर्जदार : मी, पंचायतीसमोर टेबल टाकून वीस वर्षे अर्ज लिहिणारा, शिक्षण आठवी, राहणार टेंभुर्णी. गैरअर्जदार : मीच. घटनेची वेळ : पोळ्यानंतरचा शनिवार, सकाळ. साक्षीदार : नववीचा अख्खा वर्ग. विषय : विद्यालयातील गणिताचे सर, ज्यांच्याइतका रुपयाचा छळ उभ्या जालना जिल्ह्यात कोणी केलेला नाही.

सविनय नमूद करतो की, सर रुपयाला खिशात सुखाने बसू देत नसत. साबणाची वडी घेताना ते दुकानातच ग्रॅममागे दर काढीत, आणि तोवर मागच्या गिऱ्हाइकांची आंघोळीची वेळ टळून जाई. मोबाइलच्या दुकानावर 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी लागली, तेव्हा हप्ते, फाइलचा खर्चा आणि सक्तीचा विमा यांची बेरीज सरांनी मालकास इतक्या प्रेमाने समजावली की, त्याने सरांना चहा पाजला व पाटी आत नेली. एकदा त्यांनी स्वतःचा पगार फळ्यावर लिहून वर्गास सांगितले, "घ्या, महिनाभर माझं घर चालवा." वर्गाने दर रविवारी मटण आणि एक मोटारसायकल मंजूर केली. अठरा तारखेला पैसे संपले. "मंग आता बारा दिवस काय खाता? मला?" मागल्या बाकावरून उत्तर आले, "सर, तुमच्यात मटण निघत न्हाई." सर अत्यंत किडकिडीत असून, सर्वांत जास्त तेच हसले.

दर शनिवारी एक तास ते वर्गाला बाजारात आणीत. प्रत्येकाने एका धंद्याचा दर विचारून वहीत लिहायचा. त्या शनिवारी एक मुलगी माझ्या टेबलाशी आली.

"काका, अर्जाचा दर काय?"

"माणूस पाहून," मी रुबाबात म्हणालो.

तिने ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि बाकड्यावर बसलेल्या एका म्हातारीस व तिच्या शेजारच्या गृहस्थास विचारले. सरकारकडून मिळणाऱ्या निराधार पगाराच्या एकसारख्याच अर्जाचे मी म्हातारीकडून दोनशे घेतले होते, गृहस्थाकडून पन्नास. म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. "मला वाचता येत न्हाई, ते बी दरात धरलं का रे बाबा?"

मुलगी लिहायची थांबली. सर लांब उभे होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हते.

त्याच दुपारी मी सरांविरुद्ध निनावी तक्रार लिहिली : शाळेच्या वेळेत मुलांस बाजारात भटकवतात, व्यापाऱ्यांचा अवमान करतात. दोन साक्षीदार घातले. दोघेही त्या दिवशी जालन्यास गेलेले. बाजार-तास बंद झाला, सरांना नोटीस आली. आणि खुलासा लिहून घ्यायला सर माझ्याकडेच आले.

"भाऊ, तक्रार कोणी केली माहीत न्हाई, पण मसुदा बिलकुल पक्का हाय. मी तर पोरांला खर्चा शिकवून राह्यलो, दुसरं काय? तुम्हीच लिहा बराबर."

साक्षीदार खोटे आहेत, हे एक वाक्य पुरले असते. ते सोडून मी दोन पाने लिहिली. त्यांनी शंभर रुपये ठेवले, मी ते घेतले.

हल्ली सर शनिवारी वर्गातच पुस्तकातले व्याज शिकवतात. जाता-येता मला नमस्कार करतात; माझी मान वर होत नाही. म्हातारीचे दीडशे मी परत केले. तिने ते मोजून घेतले.

तरी मुख्याध्यापक साहेबांनी सदर तक्रार खोटी व माझ्या हातची समजून बाजार-तास पूर्ववत सुरू करावा. सरांनी मला लेखी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती. त्यात काय लिहावे, हे या वेळी मी सांगणार नाही.