शांत पाण्याचा पट्टा

माझी आत्या, शालन, हिचा घात झाला तो दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, ओहोटी लागलेली असताना. घरात सगळे अपघात म्हणतात. मी म्हणणार नाही.

गल्लीतल्या निम्म्या पोरींना तिनं पंचगंगेत पोहायला शिकवलं, मलाही. कमरेला रिकामा डबा बांधायची आणि द्यायची ढकलून. "रडतीस काय? काठ बघ आन् काठाकडं हाण," एवढाच तिचा धडा. समुद्रात मात्र ती कधी उतरली नव्हती... तिच्या सुनेनं मोबाइलवर एका रिसॉर्टची जाहिरात दाखवली. घाटाखालच्या एका शहराजवळचा किनारा, हलक्या लाटा, सर्फिंग शिकायची सोय, मुलांसाठी सुरक्षित. निघालो. वाटेत मलकापुरात चहा घेताना आत्या चहावाल्याला म्हणाली, "पावणं, समुद्राला फोन लावा की. म्हणावं कोल्हापूरची शालन येतीय, जरा मागं सरकून बस."

किनाऱ्यावर पोचलो तर दोन्हीकडं लाटा फुटत होत्या, मधला पाण्याचा एक पट्टा तेवढा गप्प होता. "लाटंत नगं, ओवी," ती नातीला म्हणाली, "हितं ये. रंकाळ्यागत हाय बघ." आम्हा सगळ्यांना ते पटलं. थोड्या वेळानं ओवी आपोआप आत सरकायला लागली. आत्या झेपावली, पोरीला गाठलं, सर्फिंग शिकवणाऱ्या तरुणाच्या फळीवर चढवलं. मग तिनं काठ बघितला आणि काठाकडं हाणत राहिली. तिचे हात आम्हाला दिसत होते, पण ती पुढं येत नव्हती... पोरीला वाळूवर सोडून तो तरुण परत वळला, तेव्हा पाणी पुन्हा तसंच गप्प झालं होतं.

नंतर तोच सांगत होता, "ताई, लाट फुटत नाही तिथूनच पाणी बाहेर खेचतं. काठाकडं नाही, आडवं पोहून सुटायचं. मी लाल झेंडे लावतो म्हटलेलं. मालक म्हणाले, गिऱ्हाईक पळेल."

मालकांना मी जाब विचारला. "अहो, तुम्ही घाटावरची माणसं," ते म्हणाले, "पाणी दिसलं की सुटता. समुद्राची जबाबदारी आम्ही कशी घेणार?" त्यांच्या मागं भिंतीवर तीच जाहिरात होती.

आता बादलीतलं पाणी हातानं हलवून दिल्याशिवाय ओवी आंघोळीला बसत नाही. आत्याचा नदीवरचा पंजाबी ड्रेस गच्चीत दोरीवरच आहे, कुणी काढत नाही. पहाटे तो ओला लागतो. दव असणार. तरी मी बोट जिभेला लावून बघते... खारट नाही, एवढी खात्री करून खाली येते.

सुट्ट्या तोंडावर आल्यात आणि ती जाहिरात परत फिरतेय. किनाऱ्यावर झेंडे अजून नाहीत. तुम्ही कुठल्याही किनाऱ्यावर जा, पण खोली ठरवायच्या आधी फोन करून विचारा, जीवरक्षक आहे का, झेंडे आहेत का. नाही म्हणाले तर खोली घेऊ नका. आणि का घेत नाही, ते त्यांना स्पष्ट सांगूनच फोन ठेवा.